पोट्टे, कोच आणि फेडरेशन

9 ऑक्टोबर 2025, गुरुवार, अमरावती

फुटबॉलच्या आशियाई कपाच्या पात्रता फेरीत आज भारताचा सिंगापूरशी त्यांच्याच मैदानावर सामना. चौकातल्या टपरीवर कॉलनीतले पोट्टे एका मोबाइलभोवती जमले होते. शाळेतून निवृत्त झालो तरी त्यांच्या लेखी मी अजून पीटीचा सर, म्हणून मला बाकावर जागा मिळाली. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या इखसान फांदीने गोल मारला आणि मध्यंतर संपतं न संपतं तोच आपल्या संदेश झिंगनला लाल कार्ड. मग आपले कोच खालिद जमील यांच्या नावाने सुरू झालं.

“याले कोनं कोच केलं बे?”

“पास तं धड देता येत नाई, अन् चालले एशिया कप खेलाले!”

नव्वदाव्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली आणि त्याच तोंडांतून “खालिदभाऊ, खालिदभाऊ” निघालं. टपरीवाल्याने चहाचे पैसे मागितले तेव्हा कुठे शांतता झाली.

दहा जणांनी परक्या मैदानावर वाचवलेला सामना, हिंमत दाखवलीच. पण हिशेब वाईट आहे. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी 0-0, जूनमध्ये हाँगकाँगकडून अगदी शेवटी पेनल्टीवर 0-1, आज 1-1. तीन सामन्यांत एक गोल, आणि गटातून पुढे जाणार एकच संघ.

14 ऑक्टोबर, मंगळवार, अकोला

भाच्याकडे आलो. संध्याकाळी त्याच्या खोलीत मित्रमंडळी, मधोमध कचोऱ्यांचा पुडा. परतीचा सामना गोव्यात, फातोर्ड्याला. चौदाव्या मिनिटाला छांगटेने लांबून असा फटका मारला की शेजारचे डोकावून गेले. नंतर सिंगापूरच्या सोंग उई-याँगचे दोन गोल, 44व्या आणि 58व्या मिनिटाला. 1-2. 2027चा आशियाई कप सौदी अरेबियात होईल, चोवीस संघ खेळतील, त्यांत आपण नाही.

मग दीड तास खोलीत कोर्ट भरलं. एकाला परदेशी कोच हवा, दुसऱ्याला जुना कोच स्टिमाच परत हवा, तिसऱ्याचं म्हणणं, खेळाडूंचे पगार कापा. भाचा मला म्हणाला, “मामाजी, आपला अमरावती-अकोला रोड पाहा. 75 किलोमीटरचं डांबर 105 तासांत टाकलं, गिनेसमध्ये नाव आलं. मंग टीम काहून होत नाई?” मी म्हटलं, डांबर पडलं त्याआधी खालची खडी कोणीतरी दाबली होती. त्यावर तो म्हणाला, “तेच तं इचारून रायलो, आपली खडी कुठी हाय?”

प्रश्न घेऊन झोपायला गेलो.

15 ऑक्टोबर, बुधवार, अकोला

सकाळी अलीकडच्या कोचांची यादी मांडून पाहिली.

इगोर स्टिमाच 2019च्या मे महिन्यात आले. 1998च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाचे खेळाडू. 2024च्या जानेवारीत आशियाई कपात तिन्ही सामने गेले, एकही गोल नाही. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून 1-2. सुनील छेत्रीचा तो दीडशेवा सामना; आपला एकमेव गोलही त्याचाच, पेनल्टीवर. स्टेडियममधल्या लोकांनी कोचला हाकलण्याच्या घोषणा दिल्या, आणि जूनमध्ये ते गेलेही.

मग मनोलो मार्केझ. गोव्याच्या क्लबचे कोच असतानाच भारतीय फुटबॉल फेडरेशनने त्यांना देशाचाही संघ दिला. एक माणूस, दोन नोकऱ्या. आठ सामन्यांत विजय एक, मालदीववर. 2025च्या जुलैत त्यांनीही निरोप घेतला.

ऑगस्टमध्ये आपला माणूस आला. खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर घडलेला, मिझोरामच्या आयझॉलला 2017 साली आय-लीग जिंकून देणारा. सावियो मेदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी देशी माणसाला हे पद. सुरुवात चांगली झाली, मध्य आशियातल्या स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक. त्या स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नव्हते.

परदेशातलं मोठं नाव झालं, इथला क्लब ओळखणारा परदेशी झाला, देशीही झाला. तिघांच्या हाती गोलाचा दुष्काळ तोच. आजार कोचच्या आधीचा आहे, एवढं तरी यातून निघतं.

16 ऑक्टोबर, गुरुवार, अमरावती

परतताना गाडीत सय्यद अब्दुल रहीम आठवत होते. हैदराबादचे शाळामास्तर, भारताच्या संघाचे कोच. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने त्यांच्या संघाला 10-1 असं बुकललं. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी होते. आजची पोरं असती तर रहीमसाहेबांना विमानतळावरूनच परत पाठवलं असतं. पण बूट सक्तीचे झाले, खेळाची पद्धत बदलली, आणि 1956ला मेलबर्नमध्ये त्याच रहीमसाहेबांचा संघ चौथा आला. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारले ते तिथेच. 1962ला जकार्तात आशियाई खेळांचं सुवर्ण. हरल्यावर दुरुस्ती करायची तर दुरुस्ती करणारा माणूस जाग्यावर लागतो. त्या काळी कोलकाता, मुंबई, हैदराबाद इथल्या स्पर्धा भरभरून चालत, हेही विसरून चालणार नाही.

21 ऑक्टोबर, मंगळवार, अमरावती

लक्ष्मीपूजन. पावसाने सोयाबीन काळं पडलं, त्यामुळे गावाकडून आलेल्या पाहुण्यांत फटाक्यांचा उत्साह बेताचाच. फुटबॉलचं नाव कोणी काढलं नाही.

8 नोव्हेंबर, शनिवार, अमरावती

बातमी: इंडियन सुपर लीग चालवण्यासाठी फेडरेशनने काढलेल्या निविदेला मुदतीत एकही बोली आली नाही. 2010 साली केलेला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरात संपतोय, हे पंधरा वर्षं ठाऊक होतं. तरी जुलैपासून लीग अधांतरी.

टपरीवर ही बातमी मीच वाचून दाखवली. कोणी शिवी दिली नाही. निविदेला चेहरा नसतो, कोचला असतो.

लीगच्या गेल्या मोसमातले आकडेही सांगितले. सर्वाधिक गोल मोरोक्कोच्या अजराईचे, 23. भारतीयांत पहिला सुनील छेत्री, 14 गोल, तेव्हा वय चाळीस. क्लबला सामना जिंकायचा असतो, तो पुढच्या जागेवर परदेशी माणूस उभा करतो. आपला तरुण स्ट्रायकर बाकावर बसतो आणि देशासाठी मात्र त्याने गोल मारावा अशी अपेक्षा. एक पोरगा म्हणाला, “सर, मंग त्यानं गोल माराचं शिकावं कुठी?” महिनाभरात टपरीवर निघालेला हा पहिला नेमका प्रश्न.

18 नोव्हेंबर, मंगळवार, अमरावती

ढाका. बांगलादेश 1, भारत 0. अकराव्या मिनिटाला मोर्सालिन. 2003 नंतर प्रथमच त्यांच्याकडून हार. त्यांच्याकडे इंग्लंडच्या लेस्टर क्लबचा हमझा चौधरी आहे. आपल्याकडे रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, पण तो खेळू शकला नाही.

भाच्याचा फोन. शिव्या नाहीत. “मामाजी, आता पाहाव वाटत नाई.” चिडलेला प्रेक्षक पुढच्या सामन्याला येतो; हा येणार नाही असं वाटलं. मी त्याला विषय बदलून विचारलं, तू शाळेत किती सामने खेळलास? तो हसला. “दोन वर्षं टीममध्ये होतो. दोनी वर्षं पयल्याच मॅचले हरलो.”

म्हणजे दोन सामने.

19 नोव्हेंबर, बुधवार, अमरावती

भाच्याच्या “आपली खडी कुठी हाय” या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच तोंडून मिळालं. आमच्या शहरात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या मुलांनी देशी खेळ दाखवले. व्यायामशिक्षक घडवायला वऱ्हाडाला कोणी शिकवायची गरज नाही. पण शालेय फुटबॉल बाद पद्धतीने होतो. सकाळी हरलेल्या शाळेचं वर्ष दुपारच्या डब्याआधी संपतं. माझ्या नोकरीभर मी पोट्ट्यांना बसमधून नेलं आणि त्याच बसमधून परत आणलं. वरच्या खेळाडूला लीग नाही, खालच्या पोराला दुसरा सामना नाही. मधल्या कोचने गोल कुठून आणायचे?

14 डिसेंबर, रविवार, अमरावती

मेस्सी वानखेडेवर. सचिन होता, छेत्री होता, स्टेडियम भरलेलं. काल कोलकात्यात मेस्सी नीट दिसला नाही म्हणून लोकांनी खुर्च्या-बाटल्या फेकल्या. मेस्सीला पाहायला पैसे मोजणारा हा प्रेक्षक आपलाच आहे. त्याच्याकडे पैसा आहे, वेळ आहे, रागही भरपूर आहे.

त्या रागाला माझी एक विनंती. जमीलला जरूर बोला, सामना हरला की कोचने ऐकून घ्यायचंच असतं. पण फेडरेशनलाही नाव घेऊन विचारा, लीग का थांबली. आणि आपापल्या जिल्ह्यात, अमरावतीत असा की अकोल्यात, क्रीडा कार्यालयात आणि शाळेच्या पालकसभेत एवढंच मागा: तेरा वर्षांखालच्या स्पर्धा साखळी पद्धतीने घ्या. पहिला सामना हरलेल्या पोट्ट्यालाही पुढच्या रविवारी सामना मिळाला पाहिजे.