वयाचा हिशेब

वाचकहो, आपल्या घरातील वृद्धांचे वय आपण कशावरून सांगता? माझ्या आत्याच्या आधार कार्डावर १ जानेवारी १९४० ही जन्मतारीख आहे. जन्माची नोंद नसलेल्या अनेकांच्या कागदांवर अशीच १ जानेवारी, नाहीतर १ जून आढळते. आत्याचा स्वतःचा हिशेब निराळा. महात्मा गांधींची हत्या झाली तेव्हा ती रांगत होती, असे तिची आई सांगे. म्हणजे जन्म १९४७ मधला. सात वर्षांचा हा फरक क्षुल्लक नव्हे. मूत्रपिंडांच्या कार्याचा अंदाज काढताना रक्तातील क्रिएटिनिनबरोबर वयही धरतात आणि त्यावर काही औषधांची मात्रा ठरते.

"गुडघा कधीपासून दुखतो?" असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा आत्या म्हणाली, "भूकंपापासनं." तरुण डॉक्टरांना किल्लारीचा भूकंप वाटला. आत्याचा भूकंप कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. पहिल्या बाळंतपणासाठी ती पाटण तालुक्यात माहेरी आली होती. भिंत पायावर कोसळली. पोटातले मूल वाचले. केसपेपरावर या साऱ्याची नोंद 'जुनी इजा' एवढीच झाली.

तेव्हापासून मी तिला साल विचारीत नाही. सकाळी काय खाल्ले हे विसरणाऱ्या वृद्धांनाही तारुण्यातील गोष्टी बहुधा लख्ख आठवतात. शुश्रूषा करणाऱ्यांनी याचा उपयोग अवश्य करावा. "दुष्काळात कुठे होतीस गं?" एवढ्या एका प्रश्नावर १९७२ साल तिच्यासमोर उभे राहिले. माण तालुक्यातील सासर, दुष्काळी कामावर फोडलेली खडी, अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी, मुलांना वाटलेली सुकडी. मग जरा थांबून म्हणाली, "तिथंच एक गेलं. सातव्या महिन्यात."

आम्ही सारे तिला तीनच बाळंतपणे झाली असे समजत होतो. डॉक्टरांनाही तिने तीनच सांगितली होती. त्या रात्री ती जेवली नाही. असे प्रश्न तिन्हीसांजेला वा घाईत विचारू नयेत. सकाळी विचारावेत आणि पुढचा तासभर त्यांच्यापाशी बसता येईल, हे आधी पाहावे.

मी आता एक वही केली आहे. एका बाजूस देशातील घटना, दुसऱ्या बाजूस आत्याचे आजार, बाळंतपणे, औषधे. २०२० सालापुढची जागा मात्र रिकामी आहे. ते साल ती मोजतच नाही. "त्या साली कोण आलंच न्हाई," म्हणते.