वेळासच्या पुळणीवर

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, वेळास या गावी, पुळण साफ करण्यासाठी जमणाऱ्या स्वयंसेवकांची छायाचित्रे काढण्याचे काम मजकडे आले. पर्यटकांसाठी छापावयाच्या पत्रकात ती घालण्याचा इरादा होता, आणि चित्रे प्रसन्न असावीत एवढीच फर्माईश होती.

पौर्णिमेच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती माध्यान्हीस येते आणि ओहोटी सकाळीच तळ गाठते, म्हणून उजाडताच आम्ही पुळणीवर हजर झालो. पूर्वेस डोंगर असल्यामुळे सूर्योदयानंतरही बराच वेळ वाळूवर छाया असते. ऊन प्रथम दूर पाण्यावर उतरते आणि मग हळूहळू किनाऱ्याकडे सरकत येते. त्या सौम्य प्रकाशात मी सुरूच्या बनाच्या कडेचा ढीग पाहिला : बाटल्या, थर्माकोल, जोडीदार हरवलेल्या चपला आणि नायलॉनच्या जाळ्यांची भेंडोळी. पावसाळ्यातल्या उधाणांनी हा सारा ऐवज येथे आणून टाकला होता.

याच वाळूत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासविणी रात्री चढून येतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि मागे वळूनही न पाहता समुद्रात परततात. पूर्वी ती अंडी खाण्याकरिता उकरून नेली जात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावाच्या साहाय्याने त्यांच्या रक्षणाची तजवीज केली, आणि पुढे पिल्ले पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांचा मुक्काम गावातल्या घराघरांत पडू लागला. जाळ्याचे भेंडोळे वाटेत आले की कासवीण अंडी न घालताच माघारी जाते, असे एका कासवमित्राने मला सांगितले. तेव्हा ही सफाई देखाव्यासाठी नव्हती, आणि ती झाकून केवळ स्वच्छ वाळू दाखविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या काकूंना मात्र हे पटेना. "अहो दादा, ह्या घाणीचे फोटो छापलेत तर आमच्याकडे येणार कोण?" त्यांच्या या प्रश्नास मजपाशी तत्काळ उत्तर नव्हते, कारण ज्या घराची वर्षाची बेगमी चार महिन्यांच्या पाहुण्यांवर अवलंबून आहे, त्या घराची धास्ती शब्दांनी निवारता येत नाही.

नऊच्या सुमारास वाळूत खोल रुतलेले एक जाळे सापडले. कॉलेजच्या मुलांनी बरीच ओढाताण केली, पण ते हलेना. तेव्हा गावातली जाणती माणसे पुढे झाली आणि रापण ओढावी तशी, टाचा रोवून, अंग मागे टाकून, एका ठेक्यात ओढू लागली. मुलेही त्यांच्या मागे ओळीने लागली. ऊन एव्हाना ओल्या वाळूवर पोहोचले होते. जाळे सुटले, सारी ओळ एकदम मागे कोलमडली, खड्ड्यात खालून पाणी भरू लागले, आणि त्या क्षणी मी कळ दाबली.

पत्रकासाठी अखेरीस निर्जन पुळणीचे चित्र निवडले गेले. जाळ्याचे छायाचित्र मी काकूंना टपालाने धाडले. मार्चमध्ये पुन्हा गेलो तेव्हा ते त्यांच्या पडवीत, पाहुण्यांची पाने मांडतात त्या जागेसमोर लावलेले होते, आणि काकू एका लहान मुलीला त्यातल्या ओळीत आपला मुलगा कोणता ते बोटाने दाखवीत होत्या.