भोपळ्याचा दिवा आणि पितरांची वाट

कामोठ्यास जुन्या गांवाभोंवतीं सिडकोच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर नवे सणही आले. ऑक्टोबर संपतां संपतां मुलें सांगाड्याचीं चित्रें काढलेले झगे घालून जिन्याजिन्यांतून गोळ्या मागत फिरतात. कित्येक पालकांस हें रुचत नाहीं. कोणी म्हणतात, हें परकीय खूळ आहे; आमच्याच मंडळींतील एक वडील बंधु म्हणतात, ही सैतानाची रात्र आहे. आम्ही शिक्षक, त्यांतून ख्रिस्ती, तेव्हां आमचें मत दोन्हीं बाजूंनीं विचारण्यांत येतें. निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु या रीति कोठून आल्या हें पाहण्यास हरकत नसावी.

'हॅलोवीन' म्हणजे सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या. सन 835 मध्यें पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळीं फ्रँक लोकांच्या राज्यांत हा सण 1 नोव्हेंबर रोजीं पाळण्याचें ठरलें. पुढें क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनीं त्याच्या दुसरे दिवशीं सर्व मृत विश्वासणाऱ्यांचें स्मरण करण्याचा परिपाठ घातला. इंग्लंडांत त्या दिवसांत गोरगरीब व मुलें दारोदार जाऊन लहान गोड पोळ्या मागत, आणि मोबदल्यांत त्या घरच्या मृतांसाठीं प्रार्थना करीत. गोळ्या मागण्याचें एक मूळ हें असावें. ही दया होती, सैतानाची पूजा नव्हे.

आतां राहिलें आयर्लंड. तेथें याच सुमारास 'साविन' नांवाचा हिंवाळ्याच्या आरंभाचा सण असे. त्या रात्रीं अदृश्य लोकांच्या टेकड्या उघडतात, अशा कथा आयरिश वाङ्मयांत आहेत. परंतु त्या लिहून ठेवणारे बहुतेक ख्रिस्ती मठवासीच होते! हा मूळचा मृतांचाच सण होता, असें सर्रास सांगण्यांत येतें. त्यास जुना भक्कम पुरावा नाहीं, असें रोनाल्ड हटन या इतिहासकारांनीं 1996 सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. 'प्राचीन' हा शब्द किती सहज चिकटविला जातो, हें विद्यार्थ्यांनीं येथें पाहावें. भोपळा तर अगदीं अलीकडचा. आयर्लंड व स्कॉटलंडांत सलगम कोरून दिवा करीत. 1845 नंतरच्या दुष्काळांत लाखों आयरिश लोक अमेरिकेस गेले, आणि तेथें त्यांस मोठा व कोरण्यास सोपा भोपळा सांपडला.

खरा आश्चर्याचा भाग आमच्या घरींच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्यानें फोडतात तें कारीट भोपळ्याच्याच कुळांतलें. धनत्रयोदशीच्या सायंकाळीं यमासाठीं दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवतात. 'धर्मसिंधु'सारख्या ग्रंथांत तर उल्कादान सांगितलें आहे: भाद्रपदांतील महालयास आलेले पितर दिवाळीच्या सुमारास परत जातात, तेव्हां हातीं पेटत्या मशाली घेऊन त्यांस वाट दाखवावी. मृतांसाठीं शरदांत दिवा लावण्याची ही कल्पना आयर्लंडाहून आमच्याकडे आली नाहीं, कीं येथून तिकडे गेली नाहीं. पीक निघालें, रात्री वाढूं लागल्या, कीं माणसास गेलेल्यांची आठवण होते, एवढेंच आम्हांस वाटतें. सन 2024 मध्यें तर 31 ऑक्टोबर व नरकचतुर्दशी एकाच दिवशीं आलीं, आणि आमच्या वसाहतींत आकाशकंदिलाखालीं कोरलेला भोपळा दिसला. दोघांचें भांडण झाल्याचें ऐकिवांत नाहीं.

कोंकणांतील भुतांची मोजदादही शिक्षकांनींच केली आहे. मुंजा, हडळ, वेताळ, समंध यांविषयीं गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं उत्तरें लिहून धाडिलीं; जॅक्सन यांनीं जमविलेल्या त्या सामग्रीवरून एन्थोवेन यांनीं 1915 मध्यें कोंकणच्या लोकसमजुतींचें पुस्तक प्रसिद्ध केलें. तीं चाळतांना एक गोष्ट ध्यानांत येते. ज्यांचा अंत नीट झाला नाहीं किंवा ज्यांची इच्छा अपुरी राहिली, त्यांचीं भुतें होतात. पोटभर जगून गेलेल्या आजीचें भूत सहसा होत नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आमच्या नववीच्या वर्गांतील एका मुलीची आजी पावसाळ्यांत वारली होती. सण जवळ आला तेव्हां वर्ग सुटल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, मैत्रिणींनीं मला भुताचा मुखवटा आणला आहे. पण माझी आजीही आतां मेलेलीच आहे ना?" प्रॉटेस्टंट मंडळी मृतांसाठीं प्रार्थना करीत नाहीं; ल्यूथर यांनीं आपलीं 95 विधानें 1517 मध्यें धाडिलीं तीही 31 ऑक्टोबर रोजींच. वसईचे कॅथलिक बांधव मात्र 2 नोव्हेंबरला कबरी स्वच्छ करून फुलें वाहतात, मेणबत्त्या लावतात. तिचें घर हिंदु. तेव्हां कोणत्या धर्माचें उत्तर द्यावें? आम्हीं तिला सलगमाची, गोड पोळ्यांची आणि उल्कादानाची हकीकत सांगितली. तिनें सर्व लक्षपूर्वक ऐकलें आणि विचारलें, "म्हणजे मुखवटा नंतर आला, आणि दिवा आधींपासून आहे?"

आम्ही म्हणालों, "दिवा आधींचा दिसतो."

"मग मी मुखवटा परत करतें," असें म्हणून तिनें दप्तर उचललें. बाहेर मैत्रिणी तिची वाट पाहत होत्या.