बालीतील बिऱ्हाड

परगावी बिऱ्हाड करावयाचे तर आधी पाणी पाहावे व मग शेजार पाहावा, असे आमची वडीलधारी मंडळी सांगत. आम्ही चार जुने मित्र २०२५ च्या मार्चअखेर सहकुटुंब बालीस गेलो व उबुडनजीक आठवडाभरासाठी एक बंगला भाड्याने घेतला, तेव्हा या दोन्ही गोष्टी मनासारख्या होत्या. अंगणात पोहण्याचा हौद होता, आणि शेजार आमचा आम्हालाच. खोल्याही पाहाव्या लागतात, हे मात्र कोणी सांगितले नव्हते.

बंगला मोठा देखणा. मधल्या दिवाणखान्यास तीन बाजूंनी भिंतीच नाहीत. वर उंच गवती छप्पर, त्यामुळे दमट हवेतही वारा खेळता राहतो. रखवालदाराची पत्नी रोज सकाळी ताडपत्रीच्या इवल्या द्रोणात फुले व भात घालून उंबऱ्यावर, हौदाच्या काठावर, एवढेच काय पण नवऱ्याच्या स्कूटरवरही नैवेद्य ठेवी. कुंपणापलीकडे भाताची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे. त्यांचे पाणी शेतकऱ्यांच्या ‘सुबक’ नावाच्या मंडळ्या देवळांच्या आश्रयाने वाटून घेतात. वरच्या खाचराने पाणी आधी घेतले, तरी खालच्याचा वाटा ठरलेला. या व्यवस्थेस २०१२ साली जागतिक वारशात स्थान मिळाले आहे.

आमची वाटणी इतकी विचाराची नव्हती. भाड्याचे चार सारखे भाग झाले. पत्रव्यवहार आम्ही केला होता, सबब माडीवरील खाचरांकडची खोली आमचीच, हे आम्ही मनोमन गृहीत धरले. एक स्नेही रात्रीच्या विमानाने मागाहून आले; त्यांच्या वाट्यास स्वयंपाकघरामागची खोली उरली. दुसऱ्या दिवसापासून हे गृहस्थ मोटारीचे भाडे, फळांचे पैसे, सगळ्याचा पैपैचा हिशेब मागू लागले. चाळीस वर्षांत त्यांचा हा स्वभाव आम्ही कधी पाहिला नव्हता. प्रवासात माणूस कळतो म्हणतात, तसा तो कळला, असे आम्ही माडीवर बसून सौभाग्यवतींस सांगितलेही.

२९ मार्चला तेथील नववर्ष आले. बालीचे हिंदू शकच मोजतात. त्यांचा व आपला १९४७ वा शक एका दिवसाच्या अंतराने लागला. या दिवसास ‘न्येपी’ म्हणतात. आदल्या सायंकाळी बांबूकागदाच्या अक्राळविक्राळ भुतांची वाजतगाजत मिरवणूक निघाली, आणि सकाळी सहाला सारे बेट स्तब्ध झाले. चोवीस तास अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद, मोबाइलचे इंटरनेटही बंद. पाहुण्यांना घरात वावरण्याची मोकळीक. मात्र फाटकाबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, व दिव्याचा कवडसा बाहेर दिसता कामा नये. चौकटीची वस्त्रे नेसलेले गावरक्षक रस्त्याने फिरत होते.

रात्री आम्ही आठही जण दिवाणखान्यात अंधारात बसलो. इतके तारे आम्ही लहानपणानंतर पाहिले नव्हते. बोलणे हळूहळू थांबले. तेव्हा ते स्नेही म्हणाले, “आज झोप लागेल. पंप बंद आहे.”

“कसला पंप?” आम्ही विचारले.

हौदाचे पाणी गाळणारा पंप त्यांच्या खोलीच्या भिंतीशी होता व रात्रभर चाले. तीन रात्री ती दोघे जागीच होती. आमच्या सौभाग्यवती काही न बोलता उठल्या आणि चाचपडत माडीवर जाऊन सामान बांधू लागल्या. स्नेही नको नको म्हणत राहिले. अंधारात तोंडे दिसत नव्हती, हे बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी पाडवा. रखवालदाराने बांबू तोडून दिला. माडीच्या सज्जात रेशमी वस्त्र व तांब्या बांधून गुढी उभारली. कडुनिंब कोणी आणलाच नव्हता. रात्री दहाला पंप सुरू झाला, तो आम्ही पहाटेपर्यंत ऐकला. भाड्याची वाटणी बदलण्याचा विषय काढला, तेव्हा स्नेह्यांनी हिशेबाची वही आमच्या हातून काढून घेतली आणि केळ्यांचे पैसे कोणी दिले, ते विचारले.