हरिहरेश्वराची वाट आणि जुनी मोटार

कुलदैवताच्या दर्शनास घरची चारपाच माणसे एकत्र निघावयाची, तर स्वतःची मोटार असणे ही आता चैन राहिलेली नाही. नवीचे मोल मात्र मध्यम स्थितीच्या कुटुंबास सहसा झेपत नाही. मग जुनी कोणती घ्यावी? पुण्याहून हरिहरेश्वरास जाणारा रस्ता याचे उत्तर उत्तम प्रकारे देतो.

पौड मागे टाकून मुळशीच्या जलाशयाकाठी लागले की प्रथम कळते ती गाडीच्या उंचीची किंमत. आम्ही घेतली ती २०१८ सालची डिझेलची ब्रेझा. ‘कॉम्पॅक्ट एसयूव्ही’ म्हणतात त्या जातीची. लांबी चार मीटरांच्या आत, म्हणून बोळात वळते. तळ जमिनीपासून १९८ मिलिमीटर उंच, म्हणून खड्ड्यात पोट घासत नाही. डिझेलची ब्रेझा २०२० पासून निघत नाही. तथापि तेच १२४८ सीसीचे इंजिन स्विफ्ट व डिझायर यांतही असल्यामुळे त्याचा जाणकार मिस्त्री सहज सापडतो.

ताम्हिणीच्या उतारावर परीक्षा होते ती ब्रेकांची व टायरांची. पुतण्याचे मन आधी एका चकचकीत गाडीवर बसले होते. तीही २०१८ चीच; मीटर सांगे बावीस हजार किलोमीटर. परंतु चारही टायरांवर आकडे होते १४२१, म्हणजे २०२१ चा चौदावा आठवडा! इतक्या थोड्या चालीत टायर का बदलावे लागले, याचे उत्तर विक्रेत्यास देता आले नाही. मागच्या आसनावर नातवंडे बसावयाची. आम्ही उठून आलो. घाट उतरताना गीअर खालचा ठेवावा. सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो.

माणगाव, म्हसळ्यावरून पेशव्यांच्या मूळ गावी, श्रीवर्धनास पोहोचले की खारा वारा अंगाला झोंबतो. तोच लोखंडासही खातो. यास्तव समुद्रकाठी वापरलेली गाडी घेताना रंगास न भुलता खाली वाकून गंज पाहावा, आणि आपली गाडी परतताच तळापासून गोड्या पाण्याने धुवावी. इंजिनाचे तेल दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलावे.

कागदपत्रांविषयी एवढेच, की नोंदणी-पुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी, आणि गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांत विमाही आपल्या नावे करण्यासाठी अर्ज द्यावा.

स्थळ पाहताना आपण रूपाआधी शील पाहतो. ज्या गाडीवर घरातील लहानथोरांचे प्राण सोपवावयाचे, तिच्याविषयीही तीच चौकशी करावी, हे बरे.