लग्न केलंत, आता राजीनामा द्या

आयर्लंडने परदेशी वकिलातीची प्रमुख म्हणून पाठवलेली पहिली स्त्री विधवा होती, हे कळल्यापासून ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जोसेफिन मॅकनील. 1950 मध्ये त्या हेगला गेल्या. हुद्दा मिनिस्टरचा, राजदूताच्या एक पायरी खालचा, पण वकिलात त्यांच्या हाताखाली. पुढे स्वीडन, मग स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया. त्यांचे पती जेम्स मॅकनील आधी हिंदुस्थानात आयसीएस अधिकारी होते, नंतर लंडनला आयर्लंडचे हायकमिशनर आणि शेवटी गव्हर्नर जनरल. तोपर्यंत बाई पाहुणचार सांभाळत होत्या. 1938 मध्ये पती वारले. बाईंची हुशारी त्यांची स्वतःचीच होती, त्यात वाद नाही. पण पती हयात असते तर हेगसाठी त्यांचं नाव कुणाला सुचलं असतं, असं मला वाटत नाही. त्या काळी आयर्लंडच्या सरकारी नोकरीत अविवाहित बाई चाले, विधवा चाले. लग्न झालेली चालत नसे.

हे मला सांगितलं डब्लिनमधल्या आमच्या शेजारच्या आजींनी. मी पुण्यात बँकेत अधिकारी होते. नवऱ्याला इथे नोकरी लागली, 2016 मध्ये आम्ही आलो आणि माझ्या निवासी परवान्याच्या कार्डावर 'स्टँप थ्री' आला. म्हणजे काम करायचं तर आधी नोकरी देणारा शोधा, मग स्वतंत्र परवाना काढा. मुलाखतीत परवान्याचा विषय निघाला की पुढचं बोलणं बंद. मी दिवसभर घरी असे. आजी ऐंशीच्या घरात, त्याही घरी. कुंपणावरून गप्पा सुरू झाल्या, मग चहा.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर फोटो. आजींचे यजमान राष्ट्राध्यक्षांना परिचयपत्र देताहेत, यजमान विमानतळावर, यजमान 17 मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या मेजवानीत. यजमान निवृत्त राजदूत. आजींनी सगळ्या देशांची नावं क्रमाने सांगितली आणि शेवटी, बशी उचलता उचलता, म्हणाल्या, "आम्ही एकाच खात्यात होतो. परीक्षेत माझा नंबर त्याच्या वर होता."

मी खोदून विचारत गेले. दोघं 1960च्या आसपास परराष्ट्र खात्यात थर्ड सेक्रेटरी म्हणून लागले. हुद्दा तोच, काम तेच. अहवाल लिहिण्यात आजींचा हात चांगला, फ्रेंच त्यांचं जास्त पक्कं. काही वर्षांनी लग्न ठरलं. लग्नाआधीच्या शुक्रवारी आजींनी टेबल रिकामं केलं, सहकाऱ्यांनी चहाचा सेट दिला, आणि इतकी वर्षं नोकरी केली म्हणून सरकारकडून लग्नाची ठरावीक रक्कम मिळाली. सुट्टी संपल्यावर यजमान त्याच इमारतीत, त्याच टेबलावर परतले. आणि त्यांचा पगार वाढला. हे मी त्यांच्याकडून पुन्हा ऐकून खात्री करून घेतली. तेव्हा आयर्लंडच्या सरकारी नोकरीत विवाहित पुरुषाची वेतनश्रेणी वेगळी असे, अविवाहितापेक्षा वरची. एकाच दिवशी, एकाच चर्चमध्ये, एकाच पाद्र्यासमोर दोघांनी तोच करार केला. त्यात तिची नोकरी गेली आणि त्याला बढतीसारखी पगारवाढ मिळाली. आणि हे कुणाला खटकलं नाही! खात्यात सगळी शिकलेली माणसं. दुसऱ्या देशांच्या कायद्यातले बारकावे वाचणं हाच त्यांचा रोजगार.

मी रात्री नवऱ्याला हे सांगत बसले. तो म्हणाला, तेव्हा सगळीकडेच तसं होतं. असेल. पण सगळीकडे होतं म्हणून ते कमी अन्यायाचं कसं होतं?

बरं, आजींचं काम थांबलं का? नाही. पगार थांबला. पुढची पंचवीसेक वर्षं प्रत्येक वकिलातीत मेजवानी त्यांनी केली, कोणत्या मंत्र्याशेजारी कुणाला बसवायचं ते त्यांनी ठरवलं, नवऱ्याच्या अहवालांचे मसुदे रात्री त्यांनी वाचले. राजदूत म्हणून जाताना नव्या देशाची आधी संमती घ्यावी लागते, मग आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं परिचयपत्र मिळतं. त्या पत्रात नाव एकाचं. आजींच्या पासपोर्टवर त्या कुणाच्या तरी पत्नी होत्या, माझ्या कार्डावर मी होते तशाच.

1973 च्या जानेवारीत आयर्लंड युरोपीय समुदायात गेलं आणि त्याच वर्षी लग्नानंतर बाईने नोकरी सोडण्याचा हा नियम कायद्याने उठला. त्याच वर्षी मेरी टिनी स्वीडनला राजदूत म्हणून गेल्या, खात्यात खालून वर चढत आलेली पहिली स्त्री. म्हणजे तोवरची सगळी नोकरी अविवाहित राहूनच. आजी तेव्हा दुसऱ्या खंडात होत्या, दोन लहान मुलं घेऊन.

आपल्याकडे वेगळं नव्हतं. सी. बी. मुथम्मांना भारतीय परराष्ट्र सेवेत घेताना, लग्न केलं तर राजीनामा देईन, असं लिहून घेतलं होतं. त्यांनी पुढे सर्वोच्च न्यायालय गाठलं. 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. मुथम्मा त्यानंतर राजदूत म्हणून गेल्या त्याही हेगलाच. आणि 1955 पासून लंडनमध्ये राहून आयर्लंडसाठीही भारताच्या राजदूत होत्या विजयालक्ष्मी पंडित. मूळच्या कोकणातल्या पंडित घराण्यातल्या रणजित सीताराम पंडितांच्या पत्नी. पंडित 1944 मध्ये वारले होते. म्हणजे इथेही पुन्हा विधवाच.

परदेशी निघालेल्या मुलींना माझं सांगणं आहे: नवऱ्याचं ऑफर लेटर वाचता तसा स्वतःचा व्हिसा वाचा. त्यावर काम करता येतं की नाही, हे नोकरी सोडण्याआधी विचारा. विमानात बसल्यावर नको. सासरचे काय म्हणतील ते नंतर बघता येतं.

एकदा मी आजींना विचारलं, राग येत नाही का? त्या म्हणाल्या, "ते सगळे देश एकटीने बघायला मला आवडलं नसतं." मला त्यांचाच राग आला. वाटलं, तुमच्यासारख्या हुशार बायका गप्प बसल्या म्हणून नियम इतकी वर्षं टिकला. मग 2019 च्या मार्चमध्ये आमच्यासारख्यांचा नियम बदलला, वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येऊ लागलं, मी पुन्हा नोकरीला लागले. आता ऑफिसात असताना त्या रिकाम्या दुपारी मला हव्याशा वाटतात. हे मला आवडत नाही, पण वाटतात. डब्लिनमध्ये इतकं निवांत बोलायला मला पुन्हा कुणी मिळालेलं नाही. तरी ती वर्षं माझ्याकडून न विचारता घेतली गेली, आणि त्याबद्दल मी कुणालाच माफ केलेलं नाही. दोन्ही एकदम कसं खरं असतं, मला माहीत नाही.

आजींना राग नाही हेही पूर्ण खरं नव्हतं. पद गेल्याचं त्या हसून सांगतात, पेन्शनचा विषय निघाला की आवाज बदलतो. घरात येतं ते पेन्शन यजमानांच्या नावावर. लग्नामुळे काढून टाकलेल्या बायकांच्या नोकरीची वर्षं अपुरी पडतात, म्हणून त्यांना स्वतःचं पेन्शन कमी मिळतं किंवा मिळतच नाही. याबद्दल आजी आपल्या भागातल्या खासदाराला पत्रं लिहितात. यजमान समोरच्या खुर्चीत बसून ऐकतात, काही बोलत नाहीत. आजींची बोटं आता नीट चालत नाहीत, म्हणून शनिवारी टाइप मी करते. मसुदा त्यांचाच असतो. कालच्या पत्रात मी एक वाक्य जरा मऊ केलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं.