सातव्या रस्त्याच्या पलीकडे

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या खेड्यातून मी थेट जपानच्या क्योटो शहरात आले. यांना तिथल्या विद्यापीठात दोन वर्षांचे संशोधनाचे काम मिळाले होते. हे सकाळी सायकलवर निघून जात. मागे मी आणि खोलीच्या चार भिंती. भाषा येईना, बसमध्ये चढायची भीती. शेवटी एक दिवस पायांत चपला घातल्या आणि चालू लागले.

क्योटोत चालणारा सहसा चुकत नाही. इ. स. ७९४ मध्ये तिथे राजधानी वसवली, तेव्हाच रस्ते पट्टीने आखल्यासारखे काढले होते. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना चक्क आकडे आहेत. शिजो म्हणजे चौथा, गोजो म्हणजे पाचवा, शिचिजो म्हणजे सातवा. बाजूने कामो नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. नदी डाव्या हाताला धरून चालायचे आणि येताना उजव्या हाताला. एवढे कळले की झाले! अक्षरे मात्र मी कचऱ्याच्या कागदावरून शिकले. कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा, याचा तक्ता प्रत्येक घरात असतो. बुधवारचे अक्षर ‘पाणी’. ते मला पहिल्यांदा ओळखता आले.

आईचा फोन आला की मी सारे सांगायची. कुठल्याही गल्लीत जा, कुणी ‘कुणाची गं तू?’ म्हणत नाही. एकदा आईने विचारले, “माय, बुद्धाचा देश हाय तो. तिथं तरी गाव येगळं अन् वस्ती येगळी नसंल ना?”

“नाही गं आई,” मी म्हणाले.

त्यानंतर एका दुपारी नदीच्या काठाने खाली खाली चालत गेले. चौथा रस्ता गेला, पाचवा गेला. सातवा ओलांडून आत वळले. कला विद्यापीठाच्या नव्याकोऱ्या इमारती होत्या (हे विद्यापीठ २०२३ मध्ये तिथे आले), आणि जवळच एक जुनी, लाकडी, दुमजली वास्तू. पाटीवर मोबाईल धरला की इंग्रजी अक्षरे दिसतात. वाचले: यानागिहारा बँक. १८९९ मध्ये स्थापन झालेली, बुराकू लोकांनी स्वतः काढलेली बँक. आता तिथे संग्रहालय आहे.

बुराकू! शब्द कुठेतरी वाचलेला होता. पण माणसे अशी पायाखालच्या रस्त्यावर भेटतील असे वाटले नव्हते. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारली, ती ही माणसे. या वस्तीचे नाव सूजिन. जुन्या शहराच्या दक्षिण टोकाला, नदीच्या खालच्या अंगाला. आमची वस्तीही नदीच्या खालच्याच अंगाला आहे. माझे पाय तिथेच थबकले.

मग घरी येऊन वाचत बसले. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून त्यांना कायद्याने बरोबरीचे केले. कायद्याने! रंग तोच, भाषा तीच, चेहऱ्यावरून ओळखणार कसे? तर पत्त्यावरून. १९७५ मध्ये उघडकीस आले की या वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना गुपचूप विकल्या जात होत्या, नोकरी देण्याआधी उमेदवाराचे मूळ तपासायला. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिकडे गाव. आणि हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहायलाच हवे: तिथल्या बौद्ध मंदिरांनीही यांच्या मृतांना मरणोत्तर नावे देताना ‘पशू’ अशा अर्थाची अक्षरे त्यांत घातली होती. बुद्धाच्या नावाने!

यांच्या ओळखीचे एक जपानी गृहस्थ चहाला आले, तेव्हा मी सूजिनला गेल्याचे सांगितले. फार सभ्य माणूस. त्यांनी पेला खाली ठेवला, आणि पावसाबद्दल बोलू लागले. ती गप्प बसण्याची तऱ्हा मला ओळखीची होती.

आईला खोटे सांगितल्याचे मनाला लागून राहिले. रविवारी फोन केला आणि सगळे सांगितले. आईला धक्का बसेल असे वाटले होते. तिने एवढेच विचारले, “मंग त्यायनं काय केलं?”

मी सांगितले, त्यांनी ३ मार्च १९२२ रोजी याच क्योटोत, ओकाझाकी भागातल्या सभागृहात, स्वतःची संघटना काढली. नाव सुइहेइशा. त्यातले पहिले अक्षर कचऱ्याच्या कागदावरचे, पाणी. दुसरे सपाट. पाणी जसे सगळीकडे एका पातळीत राहते, तशी माणसे.

आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “बावीस साल. म्हंजी चवदार तळ्याच्या आधी पाच वर्सं.”

“हो.”

“अन् ती बँक, ती बी त्यायचीच म्हणतीस?”

“त्यांचीच. चामड्याचा धंदा करणाऱ्यांना कर्ज द्यायची.”

“फोटू पाठव तिचा,” आई म्हणाली. “उद्या बचतगटाची बैठक हाय. बायायला दाखवते.”